बिरप्पाचे पाय

माझ्या अप्पाला येड लागलंय असं म्हणणाऱ्यानं आधी माझ्यासमोर येऊन म्हणावं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्यावर आमचं हाटेल हाय. गावाकडची माणसं बाजाराला आली की तिथंच चहाला बसतात, अन् मी आत भजी तळायलेय हे बी त्यांना दिसत न्हाई. "धुळाप्पा पहार घेऊन देवाचा कट्टा फोडायला निघालता म्हणं. पोराच्या दुःखानं डोकं फिरलं बिचाऱ्याचं." मी झारा हातात घेऊनच भाईर आले. म्हणलं, डोकं फिरलं न्हाई, आता कुठं ठिकाणावर आलंय. चहा प्या अन् उठा.

माझा नवरा शिवकुमार म्हणला, अगं गिऱ्हाईक हाय ते. असू दे की! ज्याचं जळतं त्याला कळतं.

मी अंबिका. धुळाप्पाची थोरली लेक. माझ्या पाठीवरचा योगीराज, त्याला गेल्या पावसाळ्यात मांजरा नदीनं नेलं. अप्पाला नुसता कट्टा फोडायचा नव्हता. त्याला कट्ट्यावरच्या बिरप्पाला खाली, जुन्या जागी आणायचं होतं, अन् ते बी पाऊस पडायच्या आत. गाव विचारायलं, कामून? ह्या कामूनचं उत्तर अप्पाजवळ होतं, पण ते द्यायचं म्हणजे माझ्या अव्वासमोर, आईसमोर, द्यावं लागणार होतं, अन् तिथंच त्याची जीभ अडकत होती. वर्षभर अडकली.

तर पहिल्यापासनंच सांगते.

जनवाड्याच्या पुढं मांजरेकडं उतरलं की आमचं गाव. आम्ही धनगर. आता मेंढरं थोड्यांकडंच राहिली, बाकीचे कुणी शेतात, कुणी बीदरला रोजानं जातात. अप्पानं मात्र मेंढरं सोडली न्हाईत. गावाखाली नदीला एक उतार हाय, तिथनं पूर्वी कळप पलीकडं जायचे. उताराच्या खाली काळ्या खडकातनं पाणी उड्या मारत जातं. त्या जागेला आम्ही धडधड्या म्हणतो. उन्हाळ्यात तिथं बाया घोंगड्या धुतात, अन् श्रावणात त्याचा आवाज चुलीपुढं बसून ऐकू येतो.

उताराच्या ह्या काठाला बिरप्पा. काळा उभा दगड, माणसाच्या कमरेएवढा, भंडारा लावून लावून पिवळा झालेला. खाली दोन पाय कोरलेले, इतके झिजलेत की बोटानं चाचपावं लागतं. मधी करगोटा, म्हणजे कमरेचा पट्टा. वर पितळंचे डोळे. कुणी बसवला ते कुणालाच ठाव न्हाई. पण ज्यानं कुणी बसवला त्याला नदी कळत होती. बिरप्पाचे पाय कोरडे असले की मेंढरं उतरवायची. पाय भिजले की त्या दिवशी ह्याच काठाला मुक्काम. करगोटा भिजला की पोहणाऱ्या माणसानं बी उतरायचं न्हाई. डोळे भिजले तर सामान उचलून वर जायचं. अप्पाच्या बापानं अप्पाला हे शिकवलं, त्याच्या बापानं त्याला. आमच्या घरात कुणी "नदीला पाणी किती हाय" असं विचारतच न्हाई. "बिरप्पा कुठवर भिजलाय" असं विचारतात.

अप्पा मोठा शहाणा हाय असं बी मला म्हणायचं न्हाई. जिद्दी माणूस. भांडखोर. मेंढराच्या औषधात चुकायचा, बाजारात फसायचा, अन् वरनं फसवणाऱ्याचीच बाजू घ्यायचा. पण नदीच्या बाबतीत अप्पा कधी चुकला न्हाई, असं सगळं गाव म्हणायचं. मी बी म्हणायचे.

मग आला श्रीवत्स. आमच्या शाळेला रामाचार्य मास्तर होते, बीदरचे, त्यांचा मुलगा. हैदराबादला नोकरी. गाडीच्या मागं काय तरी रबराचं गुंडाळून आणलंतं. काठावर पसरलं, पायानं पंप मारायला लागला, अन् बघता बघता त्याची होडी झाली. दोन्ही टोकांनी निमुळती, मधी एका माणसाला बसायला जागा. तो कयाक म्हणायचा. अप्पानं बोटानं दाबून बघितली अन् म्हणला, "आचार्य, ह्या फुग्यात बसून नदीत जायलाव? बाभळीचा काटा लागला म्हंजी?"

"काका, एकदा बसून बघा," श्रीवत्स म्हणला.

अप्पा बसला. वरच्या डोहात, थांबल्या पाण्यात. दोन्ही हातांनी कडा अशा घट्ट धरल्या की वल्हं कोण मारणार? होडी जागच्या जागी गरागरा फिरायली अन् अप्पा ओरडायलाय, "थांबवा रे हिला, थांबवा!" अव्वा काठावर होती. पदर तोंडात कोंबून हसली, मग खाली बसून हसली, मग डोळे पुसत हसली. माझी अव्वा, अंबुबाई, तशी गंभीर बाई. तिला असं हसताना मी तेवढंच एकदा बघितलं.

योगीराजला मात्र ते फुगं आवडलं. त्याला मेंढरात गोडी नव्हती अन् बीदरला जाऊन कुणाच्या दुकानात उभं राहायची इच्छा बी नव्हती. श्रीवत्सनं त्याला शिकवलं. होडी उलटली तर कसं सुटायचं, पाय पुढं करून कसं वाहत जायचं, दोरी कशी फेकायची, सगळं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी हैदराबाद-बीदरची पोरं-पोरी यायची, अंगात फुगीर जाकीट, डोक्याला टोप, अन् धडधड्यातनं किंचाळत उतरायची. योगीराज पुढं असायचा. गावात त्याचा रुबाब वाढला. "योगीअण्णा" म्हणून हाक मारायला लागले त्याला, कालपर्यंत ज्याला "ए मेंढक्या" म्हणत होते.

आता होडीचं गणित मेंढरांच्या उलटं. पाणी कमी असलं की खडक वर येतात, रबर फाटतं, माणूस दगडावर आपटतं. बिरप्पाचे पाय कोरडे असले की होडी काढायचीच न्हाई. पाय भिजले की खडकावरनं पाणी जातं, होडी अलगद पुढं सरकती. पण करगोट्यापर्यंत गेलं की पुन्हा बंद. कामून, तर धडधड्याच्या शेवटाला एक मोठा खडक हाय. जास्ती पाणी त्याच्यावरनं पडून मागं वळतं अन् तिथंच फिरत राहतं. त्याला आम्ही जातं म्हणतो. त्यात पडलेलं लाकूड तासन् तास भाईर येत न्हाई. अन् फसवणूक अशी, की जास्ती पाण्यात धडधड्या वरनं गप दिसतो. खडक बुडालेले, फेस कमी, आवाज बी दबलेला. नवख्याला वाटतं, आज नदी निवांत हाय.

पहिला पावसाळाभर अप्पा अन् श्रीवत्स दर सुट्टीला काठावर बसून हेच बघत होते. वरच्या पुलाच्या खांबावर पाणी मोजायचे पट्टे होते, त्यांचा रंग पुरानं उडालता, म्हणून श्रीवत्सनं बिरप्पाचेच फोटो काढून मोबाईलात ठेवले. पाय म्हणजे हिरवं, करगोटा म्हणजे लाल. अप्पानं आपली एक म्हणच केली, "पाय कोरडे तर मेंढरं, पाय ओले तर होडी, करगोटा ओला तर घरी." आणि वर एक सवाल न चुकता विचारायचा, "चढतंय का उतरतंय?" चढतं पाणी असलं तर पायाला लागलेलं बी त्याला चालत नव्हतं, वर भालकीकडं पाऊस झाला असला तर ते दुपारपर्यंत कुठं जाईल ह्याचा नेम न्हाई.

अप्पाची अजून एक अट होती. कळपात मेंढरांच्या पुढं एक शेळी ठेवतात. ती पाण्यात आधी शिरती, मग मेंढरं तिच्या मागनं. अप्पा म्हणला, पाव्हण्याला आधी पाण्यात घालायचं न्हाई. आधी घरचा माणूस एकटा जाऊन येईल, मगच पाव्हणे. म्हणून दर वेळी योगीराज एकटाच एक फेरी मारायचा. काठावर पाव्हणे टाळ्या वाजवायचे, अन् अप्पा छाती पुढं काढून उभा.

त्या पावसाळ्याच्या शेवटाला योगीराजला ताप भरला. डेंगी. बीदरच्या दवाखान्यात पेशी खाली खाली जायल्या अन् डाक्टर काही नीट बोलंना. अप्पा वार्डाच्या भाईर जमिनीवर बसून होता. तिथं त्यानं नवस बोलला, "बिरप्पा, माझं लेकरू उठू दे. तुला चिखलातनं काढून कट्ट्यावर बसवीन." लेकरू उठलं. घरी आलं. महिन्याभरात भाकरीच्या भाकरी खायला लागलं.

नवस फेडायला अप्पानं कुणाला विचारलं न्हाई, पण गाव आपणहून धावलं. हणमंतप्पा, आमच्यातलं वडीलधारं माणूस, म्हणला, "खरं हाय. दर पावसाळ्याला देव चिखलात बुडतो, बरं दिसत न्हाई." उन्हाळ्यात नदी आटल्यावर त्याच जागी गुडघ्याच्या वर येईल एवढा कट्टा बांधला, बीदरहून फरशी आणली. दगड उचलायला योगीराज होता, श्रीवत्सनं बी हात लावला. ढोल वाजले, भंडारा उधळला. अव्वानं पुरणाचा निवद केला. बिरप्पा कट्ट्यावर चढला अन् सगळ्यांना बरं वाटलं. देव वर गेला, नदी तिथंच हाय, एवढी साधी गोष्ट, पण त्या दिवशी हात जोडलेल्या एकाच्या बी डोक्यात आली न्हाई. अप्पाच्या आली. संध्याकाळी जेवताना म्हणला, "आता नवीन पायाला पाणी म्हंजी जुन्या करगोट्याच्या वर. ध्यानात ठेव बाबा." योगीराज म्हणला, "व्हय अप्पा." मी तिथंच वाढत होते. इतकं साधं बोलणं झालं, मीठ दे म्हणावं तसं.

पुढच्या साली पाऊस लांबला. आषाढ कोरडा गेला. मेंढरं नदीत उभी राहून पाणी प्यायची. होड्या घरात गुंडाळून पडल्या. त्याच वेळी अप्पाचा मोतीबिंदू पिकला अन् मी त्याला बीदरला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं आधीच धुरकट. आम्ही तिथं असतानाच वर जोराचा पाऊस झाला.

सकाळी फोन आला. मी चहा घेऊन आले होते. फोन मीच अप्पाच्या कानाला धरला, म्हणून दोन्हीकडचं मला ऐकू आलं.

"अप्पा, पाणी आलंय! पाव्हणे बी पोचतेत आता हैदराबादहून. जाऊ का?"

अप्पा खुदकन हसला. महिनाभर पोरगं नदीकडं बघत बसलंतं, ते त्याला ठाव होतं. "बिरप्पा कुठवर भिजलाय?"

"पायाला लागलंय."

"चढतंय का उतरतंय?"

"थांबलंय. काल सांजेला चढत होतं, आता थांबलंय. पण अप्पा, धडधड्याचा आवाज जरा कमी वाटायलाय."

"तुझ्या कानात तापाचं औषध बसलंय अजून," अप्पा म्हणला. "पायाला हाय न्हवं? मग जा की. आधी एकटा जा."

"व्हय, एकटाच. पट्टी सोडली का?"

"उद्या सोडतील. जा तू."

एवढंच. मी फोन ठेवला, त्याला चहा दिला. बशीत ओतून निवांत प्याला. मग आडवा झाला. मी खाली जाऊन औषध आणलं, परत आले, तर अप्पा खाटेवर बसलेला. पट्टी नसलेला डोळा भिंतीकडं. त्यानं हवेत हात धरला होता, जमिनीपासनं वर, जसं कुणाची उंची दाखवावी तसा.

"अंबे," तो म्हणला, "बिरप्पाचे पाय आता कुठं हायेत गं?"

मी औषधं तिथंच टाकली अन् मोबाईल उचलला.

जन्मभर ज्या जागी माथा टेकला, डोळ्यावर पट्टी बांधल्यावर अप्पाला तीच जागा दिसली. चिखलातली. खालची. पायाला पाणी म्हणल्यावर त्याच्या मनात जुना बिरप्पा उभा राहिला. कट्टा त्यानं स्वतःच बांधला होता, पोराला बजावून सांगितलं बी त्यानंच होतं, अन् तोच विसरला. योगीराज बी ते विसरला असंल, पण त्याला शंका आलती. म्हणून तर आवाजाचं बोलला. पण बापाचा शब्द आला अन् शंका गेली.

मी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. अप्पा माझ्या दंडाला धरून म्हणायलाय, "लाव, अजून लाव." श्रीवत्स हैदराबादेत होता, त्याला लावला. तो म्हणला, "ताई, योगीनं फोटो पाठवलाय की, पायाला पाणी आहे, हिरवं आहे." त्याच्या बी मोबाईलात जुनंच गणित. मी ओरडले, अरे देव वर गेलाय! हणमंतप्पाला लावला, तो शेतात होता, तिथनं नदीकडं पळाला बिचारा, म्हातारा माणूस. तो पोचला तेव्हा काठावर पाव्हणे ओरडत होते. रिकामी होडी जात्यात फिरत होती. वर यायची, खाली जायची.

एकटा गेला म्हणून पाव्हण्यांची लेकरं वाचली. अप्पाची अट अप्पानंच पाळायला लावली अन् आपलंच लेकरू पुढं घातलं. दुसऱ्या दिवशी खाली भोयांना सापडला. अंगात जाकीट तसंच होतं.

त्यानंतरचं काय सांगू. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसं लोकांनी दुःखात भांडण घातलं. कुणी म्हणलं बिरप्पा कोपला. बरेच जण म्हणले, त्या होडीवाल्यानं पोराला पैशापायी पाण्यात घातलं. श्रीवत्स दिवसकार्याला आला, तर पोरांनी त्याला वेशीवरच अडवला, शिव्या दिल्या, गाडीला दगड मारला. तो खाली मान घालून परत गेला. अप्पा ओट्यावर बसून ते ऐकत होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं तोंड फिरवलं. मला राग आला, खरंच सांगते, सख्ख्या बापाचा राग आला. पण त्याचा चेहरा बघून तो राग बी धरवंना. जे सांगायचं ते त्यानंच सांगायला पाहिजे होतं. ते माझ्या तोंडानं सांगून चाललं नसतं.

अन् अव्वा. अव्वानं बिरप्पाला दिवा लावायचं सोडलं. नदीकडं जायचं सोडलं. अप्पाला वेळेवर ताट वाढायची, पाणी द्यायची, अन् भिंतीकडं तोंड करून बसायची. मी गेले की अप्पा मला हळूच विचारायचा, "तिला काय ठाव हाय का गं?" मी म्हणायचे, मी कशाला सांगू. मग तो म्हणायचा, "सांगतो. दसऱ्याला सांगतो." दसरा गेला. "संक्रांतीला सांगतो." ती बी गेली. एकदा म्हणला, "तिच्या पोटचा गोळा मी घालवला, हे कुठल्या तोंडानं सांगू? ती मला भाकर वाढती अंबे. उद्या वाढली न्हाई तर मी जगायचं कसं?" लहान लेकरागत रडला तेव्हा.

उन्हाळा आला. तेवढ्यात जनवाड्याकडची दोन-चार पोरं कुठनं तरी जुनी रबरी होडी घेऊन आली अन् पाऊस पडला की धडधड्यात उतरायच्या गोष्टी करायली. अप्पानं त्यांना विचारलं, पाणी कसं बघणार? ती म्हणली, "सोपं हाय की मामा. पाय ओले तर होडी." अप्पाचीच म्हण. योगीराजनं गावभर केली होती. त्याच दिवशी अप्पानं पहार उचलली. कट्ट्याला पहिला घाव घातला अन् लोकांनी धरला त्याला. येडा झाला म्हणून बोंब झाली, ती तेव्हा.

हणमंतप्पानं मारुतीच्या देवळापुढं सगळ्यांना बसवलं. सकाळची वेळ. मी मन्नाएखेळ्ळीहून पहिल्या गाडीनं गेले. बाया एका बाजूला बसल्या होत्या, त्यात अव्वा. बोलावल्याशिवाय आली होती, वर्षात पहिल्यांदाच घराभाईर.

"धुळाप्पा," हणमंतप्पा म्हणला, "बसवलेला देव हलवीत न्हाईत. तूच नवस केलास, तूच बसवलास. आता खाली चिखलात घाल म्हणतोस. कामून? कारण सांग, मग बघू."

अप्पा उभा राहिला. घोंगडी खांद्यावर नीट केली. पुन्हा खाली बसला. लोक एकमेकांकडं बघायले. मागनं कुणीतरी हसलं बी, मुडद्याचं तोंड मला दिसलं असतं तर चप्पलच फेकली असती.

अप्पा पुन्हा उठला. अव्वाकडं न बघता बोलला. "त्या दिवशी पोरानं मला फोन केलता. पाणी पायाला हाय म्हणला. मी जा म्हणलं. मला जुनी जागा दिसली. देव वर गेलाय, हे मी विसरलो. आचार्याच्या लेकराची काय बी चूक न्हाई. देवाची न्हाई, नदीची न्हाई. मी जा म्हणलं म्हणून गेला तो. आता दुसऱ्याची पोरं त्याच पायाकडं बघून उतरतील. म्हणून देव खाली घ्या. मला काय करायचं ते करा."

सगळ्यांच्या नजरा बायांकडं गेल्या. अव्वा हळूहळू उठली. मी मनात म्हणलं, आता ही आई काय बोलंल ते बोलू दे, तिचा हक हाय.

"मला ठाव हाय," अव्वा म्हणली.

अप्पानं वर बघितलं.

"त्या दिवशी नदीवरनं घरी आला, भाकर खाल्ली. मी म्हणलं, आज पाणी लई दिसायलंय रे, नगं जाऊ. तर म्हणला, 'अव्वा, अप्पाला विचारलंय. अप्पा जा म्हणलाय, आता काय भ्यायचं?' मोबाईल चुलीपाशी ठेवून गेला, भिजंल म्हणून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तो गेला अन् मोबाईल वाजायला लागला. अंबीचा फोटो दिसायलाता. माझे हात शेणात होते. म्हणलं डोळ्याचं सांगायला करायली असंल, हात धुऊन मग बघू. बंद पडला. परत वाजला. परत वाजला. मी सारवत बसले."

ते फोन मीच लावले होते.

"तुमी वर्षभर मला सांगायला भ्यालाव," अव्वा आता अप्पाशीच बोलायली, गाव तिथं नसल्यागत. "अन् मी तुमाला. तुमी जा म्हणलाव, मी थांब म्हणू शकले असते. वेशीपर्यंत बी गेला नव्हता तो. पळत गेले असते तर गाठला असता. आता कुणी कुणाला काय म्हणायचं?"

अप्पा तिथंच बसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. अव्वा त्याच्याजवळ गेली, सगळ्या गावासमोर, अन् त्याच्या शेजारी मातीत बसली. दोघं बी रडले. मी बी. हणमंतप्पानं टोपी काढून डोळ्याला लावली.

देव त्याच आठवड्यात उतरवला. अप्पानं माझ्याकडनं श्रीवत्सला फोन करून घेतला अन् स्वतः बोलला, "आचार्य, या. चढवताना हात लावलाव, उतरवताना बी लावा. अन् मला माफ करा." तो आला. कट्टा फोडला, बिरप्पाला धरून जुन्या खड्ड्यात उतरवला. अप्पा गुडघ्यावर बसून बोटानं पाय चाचपत होता, दगड वर-खाली करायला लावत होता. "अजून बोटभर खाली. अजून." जुन्या चिखलाची रेघ दगडावर होती, ती जमिनीला लागल्यावरच त्यानं हात काढला. अव्वानं भंडारा लावला. दिवा बी लावला.

ह्या आषाढात पाणी वेळेवर आलं. मी माहेरी गेले तर अप्पा अन् अव्वा दोघं काठावर बसलेली. नदी भरली होती, पण निवांत. धडधड्या मोकळा वाजत होता. गावची पोरं लांब उभी होती, होडी कुणी आणली नव्हती.

"पाय भिजले बघा," अव्वा म्हणली.

अप्पानं नव्या डोळ्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. "व्हय," तो म्हणला. "आज जायचं पाणी हाय."

अव्वानं मान हलवली. तिनं त्याच्या घोंगडीचं टोक आपल्या पायावर ओढून घेतलं. जेवायला चला म्हणून मी दोनदा हाक मारली, पण ती दोघं दुपार टळेपर्यंत तिथंच बसून राहिली.